डावीकडे वळलेला फराटा

२४ अंश

बारावी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्याचा पडदा अजून चालू केला नाही. तिंकारा येईपर्यंत चालू करायचा धीर होत नाही.

अकरा काचा व्लास्ताने, तिंकाराच्या मावशीने, घासल्या. बारावीही तिनेच घासली होती, पण ऑगस्टमध्ये ती माझ्या हातून फुटली. तोवर व्लास्ताला पुरून सहा महिने झाले होते. मी नवी काच घासली, तिच्या अक्षराच्या वळणाने वर १२ लिहिलं आणि गप्प बसले.

कळलं तर तिंकाराचा तीन वर्षांचा प्रबंध संशयात.

घासणं

काचेवर पातळ लेप. त्यावरून मखमल ताणलेला लाकडी ठोकळा, एकाच दिशेने, अकरा फराटे. उलटा हात कधी नाही. डोळ्यांना काही दिसत नाही. पण दोन काचांमध्ये द्रवस्फटिक सोडला की त्याचे रेणू फराट्याच्या दिशेने निजतात. वाऱ्यात गवत निजावं तसे.

व्लास्ता डावखुरी. शेवटी ठोकळा उचलताना तिचं मनगट वळे आणि कडेला आकडीसारखी खूण राही. डावीकडे. माझी उजवीकडे राहते.

अजून २४

"येरनेया बाई, तोंड का आंबलंय? मेलेल्यांचा दिवस काल झाला."

"आधी तो ओला कोट बाहेर टांग."

"टांगते. मेणबत्ती लावलीत ना मावशीला?"

"लावली. तीनदा विझली."

"धुकंच तसलं होतं." तिंकाराने खुर्ची ओढली. "चला, दाखवा आकडी. बाराही काचा एकाच हाताच्या, हे सिद्ध करा म्हणतोय तो म्हातारा परीक्षक."

"त्याला म्हणावं, ये, घासून बघ एक."

ती हसली. मी तापक चालू केला.

३६ अंश

पस्तीस अंशांच्या वर हा स्फटिक वितळतो आणि पडदा काळा होतो. नंतर निववला की रंग परततात. पृष्ठभाग जसं निजायला शिकवतो तसेच रेणू पुन्हा निजतात.

२४ अंश

हिरवा. जांभळा. कडेला आकडी.

डावीकडे.

"मावशीच!" तिंकाराने माझ्या गालाचा मुका घेतला. "पोतिका माझ्याकडून, अक्रोड भरलेला गोड पाव!"

मी पडद्याकडेच बघत होते. रंगात एक काळा ठिपका उगवला होता. अंगठ्याएवढा. काचेवर ऊबदार बोट टेकलं की तिथलं वितळून असंच काळं होतं.

ठिपका सरकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा पहिल्या टोकाला उगवला, पुन्हा सरकला. परतताना कधीच दिसला नाही. मी मोजले. अकरा.

शेवटी तो डावीकडे वळून उचलला गेला.

"बाई, हात काढा ना काचेवरून."

"माझे हात मांडीवर आहेत, तिंकारा."

तिने पाहिलं. मग स्वतःचे पाहिले.

"ही काच मी घासलीय," मी म्हणाले. "तिची फुटली. माझ्याकडून."

मग तापकाची कळ तिनेच दाबली.

३६. मग २४.

हिरवा. जांभळा. आकडी उजवीकडे.

तिंकाराने वहीतल्या बारावर रेघ मारली. "अकरावर भागवू," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "म्हाताऱ्याला तुम्हीच सांगायचं."

"सांगते."

ठोकळा कपाटात ठेवायला उचलला. ऑगस्टपासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

मखमल कोमट होती.