धूड खिंड चढलं

भंगारवाला गॅसकटर घेऊन दारात उभा राहिला तेव्हा माई कपडे वाळत घालत होत्या.

"तुमच्या मुलाचा फोन आला होता," तो म्हणाला. "मागच्या शेडमधलं धूड न्यायचंय. कापूनच न्यावं लागेल. जागचं काही हलायचं नाही ते."

माईंनी हातातला ओला टॉवेल झटकला. "मुलाने बोलावलंय ना? मग मुलाच्या घरी जा आणि तिथे काय कापायचं ते काप."

भंगारवाला हसला, पण माई हसत नाहीत हे बघून त्याने हसू आवरलं आणि आल्या पावली परत गेला. माईंनी उरलेले कपडे वाळत घातले. मग त्या मागे जाऊन शेडचं दार उघडून उभ्या राहिल्या.

धूड म्हणजे एक जुना, चारही चाकांना जोर असलेला ट्रक. एके काळी तो पशुवैद्यकीय खात्याचा होता आणि माई त्याच्यावर ड्रायव्हर होत्या. मागच्या हौद्यात लशींच्या पेट्या आणि दोन डॉक्टर घालून माई तो डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर न्यायच्या. बाईमाणूस असलं धूड चालवतंय हे बघायला लोक गोठ्यातली कामं टाकून यायचे. खात्याने तो मोडीत काढला तेव्हा लिलावात बोली लावणाऱ्या माई एकट्याच होत्या. नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला होता. आता नवरा नव्हता, नोकरी नव्हती आणि धूड शेडमध्ये चाकं जमिनीत रुतवून बसलं होतं. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता.

दुपारी डॉक्टर आली. ही जनावरांची नव्हे, दातांची डॉक्टर, आणि माईंची सून. म्हणजे कागदावर आता सून नव्हती. मुलाचा आणि तिचा रीतसर काडीमोड झाला, मुलगा दुसऱ्या शहरात गेला, त्याने दुसरं लग्न केलं. मुलगा गेला, पण सून दर रविवारी येतच राहिली. शेजारपाजारच्यांना हे काही केल्या पचेना. "आता ही तुमची कोण लागते हो?" असं एकीने तोंडावर विचारलंसुद्धा. "माझी आहे," माई म्हणाल्या, "आणखी काय लागायला हवं?" तेव्हापासून तो विषय कुणी काढला नाही.

भंगारवाल्याची हकिगत ऐकून डॉक्टर उठली. ती शेडमध्ये गेली, दाराच्या खालच्या पत्र्यावर नखाने टकटक केलं, मग पर्समधून दात तपासायची बारीक आकडी काढली आणि गंजाच्या डागात खुपसली. आकडी निम्मी आत गेली.

"कीड आहे," ती म्हणाली. "वरून टिकलीएवढी दिसते, आतून सगळं पोखरलंय."

"म्हणजे काढूनच टाकायचा?"

"दात काढणं हा शेवटचा उपाय, आई. आधी कीड खरवडायची, चांगला भाग लागला की थांबायचं आणि भरून घ्यायचं." तिने आकडी रुमालाला पुसली. "सुरू झाला तर कुठे न्याल?"

माईंना विचार करावा लागला नाही. "पठारावर."

ते पठार डॉक्टरला न बघताच तोंडपाठ होतं. लग्नानंतर कित्येक जेवणं तिने त्याच्या गोष्टी ऐकत संपवली होती. खिंडीच्या वर कोस कोस गवत, मधोमध तळं आणि ढग आपल्या पायाखाली. माई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी दरड कोसळून खिंडीतला रस्ता गेला. तो पुन्हा कुणी बांधला नाही. वर आता फक्त मेंढपाळ जायचे, तेही पायी.

"पायांनी मला आता जमायचं नाही," माई म्हणाल्या. "चाकांनी जमेल."

मिस्त्री आला तो दुसऱ्या दिवशी. माई नोकरीत असताना याच माणसाने धूड कैकदा उघडून पुन्हा जोडलं होतं. त्याने बोनेट उचललं, नाक आत घातलं, पान्याने इंजिन फिरवून बघितलं. तसूभर हललं नाही.

"जाम आहे," तो म्हणाला. "पण मेलेलं नाही. माई, घाई करणार असाल तर मला बोलावू नका."

"मी कुठे घाई करतेय? इतकी वर्षं बसलेच आहे ना?"

त्याने सिलिंडरमध्ये तेल ओतून ठेवलं. रोज येऊन पाना लावायचा, जोर न करता दाबायचा आणि मान हलवून निघून जायचा. अखेर एके दिवशी आतून कट्ट असा आवाज आला आणि पाना केसभर सरकला. मिस्त्रीने आरोळी ठोकली तशी माई हातातली पोळी तव्यावर टाकून धावल्या. पोळी करपली.

रविवारी डॉक्टर दवाखान्यातला मास्क आणि चष्मा लावून गंज काढायची. पत्रा घासताना तिचा हात इतका हळू चालायचा की मिस्त्रीला बघवत नसे. "बाई, हे दात नाहीत," तो म्हणायचा. "दात असते तर पेशंट तरी ओरडला असता," ती मास्कमधून उत्तर द्यायची आणि आकडी पुन्हा खुपसायची. जिथे आकडी अडली तिथे ती थांबायची, खडूने गोल काढायची आणि मिस्त्री तेवढाच पत्रा कापून नवा जोडायचा. काही रविवारांनंतर मिस्त्रीने चिडवणं सोडलं आणि खडूचे गोल कुठे आहेत ते स्वतःहून विचारू लागला.

मुलाचा फोन आला तो याच दिवसांत.

"आई, हे काय चाललंय? या वयात?"

"मग कोणत्या वयात करू? ते सांग, तेव्हा करते."

मुलाने आवाज खाली आणला. "ती आहे का तिथे?"

"आहे. गाडीखाली आहे, नुसते पाय दिसतायत. काही निरोप द्यायचाय?"

मुलाला हसू फुटलं, त्याला इलाज नव्हता. "तिला सांग, ब्रेक नीट बघून घे म्हणावं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खरा खटका उडाला तो मात्र ब्रेकवरूनच. डॉक्टरने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घालायचं काढलं, वर पॉवर स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि नाकाला गाडी ओढून घेणारं लोखंडी दोराचं विंच. माईंचा पारा चढला.

"मी याच ब्रेकवर उभं आयुष्य काढलं! स्टिअरिंग काय एका बोटाने फिरवायचं असतं? मग गाडी चालवतोय हे कळणार कसं?"

"आई, तुमचा खांदा तेव्हाचा असता तर मी तोंड उघडलं नसतं. इथे शेडमध्ये नुसतं चाक वळवून बघतानाही तुम्ही ओठ चावता. मी बघितलंय."

माई उठून घरात गेल्या. पुढचा आठवडा त्यांनी शेडकडे ढुंकून बघितलं नाही. मिस्त्री यायचा, चहा पिऊन आढ्याकडे बघत बसायचा. रविवारी डॉक्टर आली तेव्हा माई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसव काय बसवायचं ते. पण मी हो म्हटलं असं कुणाला सांगायचं नाही."

"तुम्ही कुठे हो म्हणालात?" डॉक्टर म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

रंगाच्या बाबतीत मात्र माईंनी कुणाचं ऐकलं नाही. खात्याचा पांढरा रंग त्यांना पुन्हा बघायचा नव्हता. त्यांनी पिवळाधमक निवडला. "धुक्यात दिसायला हवा," त्या म्हणाल्या. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले.

ज्या सकाळी इंजिन सुरू झालं त्या सकाळी आधी नुसतीच घरघर, मग खोकला, मग काळाकुट्ट धूर, आणि धुराबरोबर सायलेन्सरमधून उंदराचं एक आख्खं घरटं उडून मिस्त्रीच्या छातीवर बसलं. मग आवाज लागला. जाड, संथ, एका लयीतला. माईंनी बोनेटवर तळहात टेकला आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. डॉक्टर काहीतरी ओरडून सांगत होती, ते त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नव्हतं.

पहिली फेरी नदीच्या कोरड्या पात्रात काढली आणि तिथे सगळ्यांची चांगलीच जिरली. वाळूत शिरताच चारही चाकांचा जोर लावायचा दांडा टुणकन निसटला आणि धूड पोटापर्यंत रुतलं. एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं आणि जाताना, "काकू, रस्त्यावर चालवा," असा फुकटचा सल्लाही दिला. माईंचा चेहरा पडला. डॉक्टर मात्र वाळूत बसून पोट धरून हसत होती. मिस्त्रीने गिअरचा डबा उघडला, दांड्याला जागी धरणारा आतला झिजलेला काटा बदलला, आणि त्यानंतर धूड त्याच वाळूतून लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. पुढचे सगळे रविवार माईंनी डॉक्टरलाही तिथे चालवायला बसवलं. "क्लचवर पाय ठेवून बसू नकोस," हे वाक्य तिने तेव्हा इतक्यांदा ऐकलं की दवाखान्यातल्या खुर्चीचं पेडल दाबतानासुद्धा तिला ते आठवायचं.

आणि मग खिंडीचा दिवस उजाडला. माई स्टिअरिंगवर, डॉक्टर शेजारी, मिस्त्री मागे हौद्यात हत्यारांच्या पेटीला कवटाळून. जुना रस्ता डोंगराच्या कुशीपर्यंत होता. पुढे दरड. घराएवढे, माणसाएवढे, कलिंगडाएवढे दगड आणि त्यांच्यामधून वर जाणारी अरुंद चढण.

माईंनी लो गिअर टाकला. धूड मुंगीच्या चालीने चढू लागलं. एक चाक वर, एक खाली, पत्रा कुरकुरतोय, हौद्यातून मिस्त्रीच्या तोंडून देवांची नावं एकामागून एक. माईंचे डोळे चमकत होते. "बघ," त्या म्हणत होत्या, "बघ कसं शहाण्यासारखं चढतंय!"

निम्म्या चढावर पुढचं चाक एका दगडावरून घसरलं, स्टिअरिंगने उलटा झटका दिला आणि माईंच्या तोंडून किंकाळी निघाली. उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. त्यांनी ब्रेक दाबला. धूड त्या चढावर, दरीला पाठ करून, जागच्या जागी थबकलं. नवे ब्रेक होते. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टरने खांदा चाचपला. "निखळला नाहीये. पण आज हा हात उचलायचा नाही."

मिस्त्रीने मागे वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "माई, रिव्हर्सने खाली जायचं म्हणजे कठीण आहे. मागचं काही दिसत नाही."

माई समोर बघत राहिल्या. इतक्या वर्षांत स्वतःहून त्यांनी या गाडीचं चाक दुसऱ्याच्या हाती कधी दिलं नव्हतं. घाटात ताप भरला होता तेव्हासुद्धा नाही. शेवटी त्यांनी एक खोल श्वास घेतला.

"डॉक्टर, इकडे ये."

"मी? आई, मी फक्त वाळूत—"

"वाळू जास्त दगाबाज असते. दगड निदान जागच्या जागी राहतो. ये."

ब्रेकवरचा एकीचा पाय दुसरीच्या पायाला जागा देत हलकेच निघाला. माई मिस्त्रीच्या आधाराने खाली उतरल्या आणि गाडीच्या पुढ्यात, चढावर, डॉक्टरकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"माझ्या हाताकडे बघ! दगडाकडे बघू नकोस, दगड मी बघते!"

डावा हात त्यांनी वर केला. बोटं डावीकडे झुकली तशी डॉक्टरने चाक डावीकडे घेतलं. तळहात आडवा झाला की थांबायचं, मूठ झाली की जोर. माई दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल मागे जात होत्या, धूड एकेक दगड पुढे येत होतं. घामाने डॉक्टरचे तळवे निसटत होते. पण दवाखान्यात, अंधाऱ्या दाढेत, जो हात कधी हलत नसे तो इथेही हलला नाही.

माथ्याजवळ शेवटची एक पायरी होती, उभीच्या उभी. चाकं जागच्या जागी फिरू लागली, रबराचा वास सुटला. माईंचा तळहात आडवा झाला. मिस्त्री विंचचा दोर घेऊन वर पळाला, एका जुनाट कातळाला पट्टा गुंडाळला, आकडा अडकवला आणि ओरडला, "चालू द्या!"

दोर ताणला गेला. कातळ हलला नाही. धूड हललं. नाक वर, आणखी वर, समोर नुसतं आभाळ, आणि मग एक दणका देऊन चारही चाकं सपाटीवर आली.

मग मिस्त्रीने टोपी हवेत फेकली, ती वाऱ्याने दरीत नेली, तरी तो नाचतच राहिला. डॉक्टर गाडीतून उडी मारून पळत आली आणि माईंना मिठी मारली, दुखरा खांदा चुकवून.

समोर पठार पसरलं होतं. गवत, तळं, आणि खाली दरीभर ढग. लांबून एक मेंढपाळ काठी उंचावत धावत आला. त्याने पिवळ्या धुडाभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"कुठून आलात?"

"खालून," माई म्हणाल्या.

"खालून रस्ता नाही."

"आहे आता," डॉक्टर म्हणाली.

तिने आपल्या स्कार्फची झोळी करून माईंचा हात गळ्यात बांधला आणि त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं. गवतातून धूड तळ्याच्या काठाकाठाने निघालं. माई खिडकीतून बघत होत्या. पाण्यात आभाळ उतरलं होतं, पलीकडच्या तीरावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा बसला होता.

"काय गं," त्या हळूच म्हणाल्या, "इथे मी इतक्यांदा आले, पण हे तळं आज बघतेय. माझी नजर कायम चाकापुढे."

"थांबू का मग?"

"थांबतेस कशाला? जोरात घे!"

डॉक्टरने पाय दाबला. हौद्यात मिस्त्रीने बोडक्या डोक्याने आरोळी ठोकली, पक्ष्यांचा थवा उडाला, आणि माईंनी डावा हात लांब करून हॉर्न दाबून धरला.