बरणीवरची रेघ

जी वस्तू दूध दिसताच रंग बदलते, तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. कस्टर्डची पावडर बरणीत असते तेव्हा कशी फिकट, गुलाबीसर, गरीब गाय. थंड दुधात कालवली की पिवळीधम्मक. आमच्या सुनेने, पायलने, ही बरणी घरात आणली तेव्हाच मी म्हटलं होतं, "यात अंडं असते."

"नहीं होता, मम्मी. ये देखो, हरा निशान," पायल म्हणाली. पोट्टी भिलाईची, आपल्याच समाजातली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत.

"हिरवा ठिपका काय, आपल्या गल्लीतला पेंटरबी मारून देईन," मी म्हटलं.

एका रविवारी तिने माझ्या शिऱ्यावर ते पिवळं ओतलं. माझा मुलगा लोकेश सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमधून दमून आला होता, त्याने दोनदा मागून खाल्लं. मी बोटसुद्धा लावलं नाही.

बुद्धपौर्णिमा दहा दिवसांवर आली होती. सुजाताने तथागतांना खीर दिली, त्या आठवणीने आमच्या विहारात दरवर्षी खीर वाटतात, आणि ती खीर बावीस वर्षं मी करते. दुबराज तांदूळ, सावकाश आटवलेलं दूध, वेलदोडा. पहिली वाटी ह्यांची. हे, म्हणजे लोकेशचे बाबा, तुळशीराम, रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. बोलणं मुळातच कमी. वाटी चाटूनपुसून खायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "बरोबर." तो शब्द ऐकल्याशिवाय मी भांडं चुलीवरून उतरवू देत नसे.

जानेवारीत ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांकडे लोकेश आणि पायलच घेऊन जायचे. मला घरी येऊन सांगितलं, नरम खायला द्यायचं. खिरीपेक्षा नरम काय असतं? मी खीर केली. ह्यांनी एक घास घेतला आणि तोंड फिरवलं. आठवड्याने पुन्हा केली, पुन्हा तोंड फिरवलं. मला जे लागलं ते कोणाला सांगू? ज्या माणसाने बावीस वर्षं माझ्या खिरीला बरोबर म्हटलं, त्याला ती नकोशी झाली होती. आता पौर्णिमेला दोनशे माणसांना वाढायची ती कोणाच्या भरवशावर?

त्यातच ह्यांच्या बनियनवर मला पिवळा डाग दिसला. हळदीचा नव्हे. हुंगून पाहिला, गोड वास.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी बरणीवर पेनाने बारीक रेघ मारली. दोन दिवसांत पावडर रेघेच्या बोटभर खाली. माझ्यासमोर तर कोणी कस्टर्ड करत नव्हतं. म्हणजे दुपारी चार ते पाच, मी विहारात असते तेव्हा. सून माझ्या पाठीमागे ह्यांना ते अंड्याचं खाऊ घालत होती आणि माझी खीर सोडवत होती. आधी माझ्या नवऱ्याची जीभ फिरवायची, मग हळूहळू चूल ताब्यात घ्यायची. मला सगळं उमगलं.

भांडून उपयोग नव्हता. चोर धरायचा तर मुद्देमालासकट. मी दुबराज मिक्सरमधून मैद्यासारखा काढला आणि वस्त्रगाळ केला. बरणीतली पावडर पुडीत बांधून पोह्यांच्या डब्यामागे लपवली आणि बरणीत तांदळाचं पीठ भरलं, अगदी होतं तिथवर. आता दूध पिवळं होणार नव्हतं. ती गोंधळली की मी आत शिरणार आणि विचारणार, काय करून राहिली वं?

दुसऱ्या दिवशी चारला पांढरी साडी नेसले, पिशवी घेतली, "येतो वं" म्हणून बाहेर पडले आणि मागच्या दाराने परत आले. कूलरच्या आवाजात माझी पावलं कोणाला ऐकू येणार? पडद्याआड उभी राहिले.

पायलने वाटीत थंड दूध घेतलं, दोन चमचे पीठ कालवलं आणि थबकली.

"अरे, पीला काहून नहीं हो रहा?"

घाबरली की मराठी येतं बरोबर. पण ती थांबली नाही. गॅसवरच्या गोड दुधात तिने ते ओतलं आणि हलवत राहिली. दूध घट्ट झालं. तिने चाखून पाहिलं, थंड केलं आणि वाटी घेऊन ह्यांच्या खाटेपाशी बसली.

"बाबा, आज सफेद वाला. ठोड़ी नीचे. हां, छोटा-छोटा."

मी पडदा धरला. आता शिरायचं होतं. ह्यांनी घास तोंडात घेतला, हनुवटी खाली केली, गिळला. मग डोळे मिटले.

"कला... वती," हे म्हणाले.

मला वाटलं, दिसले मी. पण हे वाटीकडे पाहत होते. दुसरा घास मागितला, तोही गिळला, आणि वाकड्या तोंडाने म्हणाले, "ब... रोबर."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

पायल दचकून उठली. "मम्मी! आप विहार नहीं गईं?" मग तिला रडूच आलं. "डॉक्टर ने बोला था, पतला नहीं, दाना भी नहीं. चावल गले में अटकता है, मम्मी. एक दिन बाबा नीले पड़ गए थे. उन्होंने कसम दी थी, आपको नहीं बताना."

"काहून?" मी ह्यांना विचारलं. "मले काहून नाही सांगतलं?"

ह्यांनी शब्द एकेक करून जमवले. "तू... विहारातली... सोडशीन."

सोडलीच असती. ज्याला पहिली वाटी देता येत नाही, त्याच्या नावाची खीर दुसऱ्यांना कशाला, असं मी म्हटलंच असतं. चार महिने ह्या माणसाने माझ्या खिरीसाठी खिरीकडेच पाठ फिरवली होती. आणि मी बनियन हुंगत बसले होते. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

"पर पाउडर को क्या हुआ?" पायल डोळे पुसत म्हणाली.

"जुनी झाली असन," मी म्हणणार होते. तोंडावर आलंही होतं. पण उठले, आणि पोह्यांच्या डब्यामागून पावडर काढून तिच्या हातात दिली. ती पावडरकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

पौर्णिमेला विहारातली खीर नेहमीसारखी अख्ख्या दुबराजची झाली. पण भांडं चुलीवर असतानाच मी घरी जाऊन पिठाची खीर केली आणि पहिली वाटी ह्यांना भरवली. बरोबर म्हणतील म्हणून वाट पाहत होते, तर ह्यांनी डावं बोट बरणीकडे केलं. "पिवळं... वरून."

मग काय, पायलकडून शिकले. पहिल्यांदा पावडर गरम दुधातच टाकली, गाठीच गाठी. "पहले ठंडा दूध, मम्मी!" आता जमतं. पांढऱ्यावर पिवळं ओतून मीही एक वाटी खाते. विहारातल्या बायकांना हिरवा ठिपका मीच दाखवते.

काल पायल बरणी घासत होती. "मम्मी, ये लाइन किसने मारी? निकल ही नहीं रही."

"मापाची आहे," मी म्हटलं. "पावडर तिच्या खाली गेली की नवीन आणाची."

"हव, मम्मी," ती म्हणाली आणि हसली. रेघ कशासाठी मारली होती ते तिला आधीपासून ठाऊक असावं, असा मला संशय आहे.