रिकाम्या चौकटी

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात एकोणीस वर्षं फोन घेतल्यावर ताईंचा डावा कान गेला. डॉक्टरांनी हेडफोन बंद करायला सांगितलं आणि साहेबांनी त्यांना वरच्या मजल्यावर अहवालाच्या टेबलाशी बसवलं. "आरामाचं काम आहे," साहेब म्हणाले.

आराम कसला! फोनवर निदान माणूस बोलायचं. इथे एक सॉफ्टवेअर होतं आणि ते रुसलेल्या जावयासारखं वागायचं. जरा मानपान चुकला की तोंड फिरवून बसायचं. त्याच्याकडून आकडा हवा तर सूत्र लिहावं लागे. रकान्याचं नाव चौकोनी कंसात, अट गोल कंसात, मधे स्वल्पविराम. एक कंस उघडा राहिला की पडद्यावर लाल पट्टी. शिकवायला कंपनीकडून एक चष्मेवाले गृहस्थ दोनदा येऊन गेले होते. दर दोन वाक्यांनी ते "कंस बंद करा" म्हणत, म्हणून सगळ्यांनी त्यांचं नाव कंसमामा पाडलं. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

गेल्या वर्षाचा अहवाल करताना ताई पूर्व केंद्रापाशी अडखळल्या. फोन आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत सरासरी आठ मिनिटं. सगळ्या केंद्रांत पहिला नंबर!

ताईंना ते काही पटेना. पूर्वेचे फोन त्यांनी जन्मभर घेतले होते. अरुंद गल्ल्या, रेल्वेचं फाटक आणि "अजून किती वेळ हो?" म्हणून रडणारी माणसं. आठ मिनिटांत तिथे सायकल पोहोचली तरी खूप झालं.

त्यांनी सूत्र उघडलं. पोहोचल्याच्या वेळेतून फोनची वेळ वजा, आणि त्याची सरासरी. चूक कुठेच दिसेना. दुपारभर त्या त्याच ओळीकडे बघत राहिल्या. डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा कुठे त्यांच्या मनात आलं, की गाडी पोहोचलीच नसेल तर? पोहोचल्याची वेळ शून्य असेल अशा नोंदी मोजायचं सूत्र त्यांनी लिहिलं. लाल पट्टी आली. कंस बंद केला. उत्तर आलं, एकही नाही.

त्यांनी कंसमामांना फोन लावला, उजव्या कानाला.

"शून्य नका विचारू, ताई," ते म्हणाले. "शून्य म्हणजे कुणीतरी शून्य लिहिलंय. तिथे काहीच लिहिलेलं नसेल. 'रिकामं आहे का' असं विचारा. रिकामं असेल तर एक, नसेल तर शून्य, आणि मग त्याची बेरीज."

"आणि सरासरी काढताना त्या रिकाम्यांचं काय होतं?"

"काही नाही. सरासरी त्यांना धरतच नाही. वगळते आणि पुढे जाते."

ताईंनी सूत्र नव्याने लिहिलं. दोन कंस उघडले, दोन्ही बोट ठेवून बंद केले. पूर्वेच्या दोन हजार तीनशे फोनांपैकी चारशे सात चौकटी रिकाम्या होत्या. इतर केंद्रांत कुठे वीस, कुठे तीस.

त्यातल्या त्रेसष्ट नोंदींपुढे फोन घेणाऱ्याचा क्रमांक सतरा होता. सतरा म्हणजे त्या स्वतः. एका नोंदीची वेळ बघून त्यांचा हात थांबला. ती बाई त्यांना आठवत होती. नवऱ्याचा श्वास मोजत होती, आणि ताई तिला सांगत होत्या, "फोन ठेवू नका, गाडी निघालीय, येईलच." अकरा मिनिटांनी फोन कट झाला होता. पुढे काय झालं ते खालच्या मजल्यावर कधीच कळत नसे, कारण तोवर दुसरा फोन वाजलेला असे.

संध्याकाळी घरी आल्यावर त्या चपलांसकट खुर्चीत बसल्या. "आज माझ्याशी काही बोलू नका," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकाला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्व केंद्रातून गाड्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या मागवल्या आणि तीन दिवस आपल्या त्रेसष्ट नोंदी ताडून पाहिल्या. बावीस वेळा गाडी वेळेवर पोहोचली होती, चालक फक्त बटण दाबायला विसरला होता. एकेचाळीस वेळा गाडी गेलीच नव्हती, किंवा अर्ध्या वाटेतून परतली होती. त्या बाईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'फाटक बंद. रुग्ण शेजाऱ्यांनी टेम्पोतून नेला.' तो जगला की नाही, हे वहीत नव्हतं.

ताईंनी हे सगळं मांडलेला कागद साहेबांनी वाचला आणि कपाळ चोळलं. "अहो ताई, आठ मिनिटांचा आकडा आपण अहवालाआधीच वरपर्यंत कळवलाय. त्यावरच तर पूर्वेची दुसरी गाडी उत्तरेला द्यायचं ठरलंय. चालक बटण दाबायला विसरले असतील."

"सगळे विसराळू चालक पूर्वेलाच कसे हो जमले? आणि विसरलेले बावीस मी वेगळे काढलेत, बघा की."

"आता हे काढून माझ्याच गळ्यात धोंड बांधताय तुम्ही."

"साहेब, त्या एकेचाळीस लोकांना गाडी येतेय म्हणून मी सांगितलंय. माझ्या तोंडाने." आवाज चढवायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं. "गाडी हलवायची तर हलवा. पण त्या आठ मिनिटांच्या अहवालावर माझं नाव नको."

साहेबांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी वरच्या कचेरीत फोन लावला आणि दोन वेळा "हो, चूक आमचीच" म्हणाले.

पूर्वेची गाडी पूर्वेलाच राहिली. अहवालात सरासरीशेजारी 'पोहोचल्याची नोंद नाही' असा नवा रकाना आला. साहेबांनी पूर्वेला तिसरी गाडी मागितली होती, ती मिळाली नाही. शाबासकी कुणी दिली नाही आणि ताईंनी तिची वाटही पाहिली नाही.

"उरलेल्या तीनशे चव्वेचाळीसही ताडून घ्या," साहेब म्हणाले. "मदतीला माणूस मात्र नाही माझ्याकडे."

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, पूर्वेची पुढची वही ओढली आणि पहिली तारीख शोधायला लागल्या. दिवसाला वीस जमत होत्या.