लिफ्टला बांधलेली फीत

आमच्या इमारतीची लिफ्ट पाच महिने बंद होती. मग ती दुरुस्त झाली आणि तरीही बंदच राहिली, कारण तळमजल्यावर तिच्या दाराला लाल फीत बांधली होती. साहेब येऊन फीत कापतील, मगच लिफ्ट वापरायची, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं. ही माझी जुनी खोड आहे. एखादी गोष्ट का होत नाही हे कळलं नाही, तर मला घास गिळवत नाही.

इमारत पालिकेची, जुनी. माझ्या नवऱ्याने लिफ्टसाठी एकवीस अर्ज केले होते. तो अर्ज फार छान लिहितो. 'वरील विषयास अनुसरून' एवढं लिहून झालं की त्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. मग निवडणूक जवळ आली आणि आठ दिवसांत नवी मोटर, नवी सरकती दारं, आत आरसासुद्धा बसला. नवरा म्हणाला, "बघ, अर्जाने काम होतं." संसारात काही ठिकाणी चौकशी आवरती घ्यावी लागते.

चौथ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. मी, नवरा आणि माझे सासरे, म्हणजे बाबा. बाबांना एकोणऐंशी पूर्ण झाली. हृदयाचं दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांचा जिना बंद केलाय. दवाखान्यातून आणताना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली आणि बाबा पडता पडता वाचले. पुन्हा तो प्रयोग करायचा नाही, असं सगळ्यांनी तेव्हाच ठरवलं.

रस्त्यापलीकडे, समोरच तळमजल्यावर त्यांची मोठी बहीण, आमच्या आत्या. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. सपाट रस्त्यावर काठी टेकत चालतात, पायरी चढवत नाही. रोज संध्याकाळी आत्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, बाबा खिडकीत, आणि दोघं फोनवर बोलायचे. एकमेकांना दिसत असताना. "कालचाच शर्ट आहे का रे?" असल्या गप्पा.

आत्या आता कायमच्या मुलीकडे निघाल्या होत्या. दीड दिवसाचा प्रवास. शनिवारी अकराला गाडी येणार होती, आणि साहेबांची तारीख होती रविवारची. बाबांनी मला एकदाच विचारलं, "लिफ्ट चालू झाली म्हणतात ना गं?" मग तो विषय काढला नाही. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

फितीवर पहारा द्यायला एक कार्यकर्ता प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असे. चाळिशीचा, कडक इस्त्री, हातात दोन फोन. आम्ही त्याला 'भावी' म्हणायचो, कारण चौकातल्या प्रत्येक फलकावर त्याच्या नावाआधी भावी लिहिलेलं असायचं. भावी काय, ते दर निवडणुकीला बदलायचं.

"भावी, फीत सोडून पाच मिनिटांनी परत बांधली तर?" मी विचारलं.

"नाही चालणार वहिनी. गाठीचा फोटो वर गेलाय."

"गाठीचा?"

"मागे एकदा दुसऱ्या गटाने परस्पर फीत कापून उद्घाटन उरकलं, आणि आमच्या माणसाने तशीच दुसरी बांधून ठेवली. साहेबांनी कापलेलंच पुन्हा कापलं. फार हसं झालं. तेव्हापासून गाठीचा फोटो वर जातो, आणि कार्यक्रमाआधी ताडून बघतात."

"कोण ताडून बघतं?"

"वरचे."

"वरचे म्हणजे?"

त्याने छताकडे पाहिलं. आमच्याकडे वर, पहिल्या मजल्यावर, शिकवणीच्या बाई राहतात.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तारखा देणं आणि तारखा पुढे ढकलणं हेच माझं काम, त्यामुळे साहेबांच्या तारखा कोण सांभाळतं याची मला फार उत्सुकता होती. भावीकडून नंबर काढला. पलीकडे एक बाईच निघाल्या. आवाजावरून ओळखलं, माझ्यासारख्याच दिवसभर लोकांची बोलणी खाणाऱ्या.

"रविवारचं शनिवारी सकाळी करता येईल का?" मी विचारलं.

"अहो, तुमच्या रस्त्यावर चार कामं आहेत, ती एका फेरीत उरकायची," त्या म्हणाल्या. "तुमची लिफ्ट, बागेतला बाक, स्वच्छतागृह आणि सिग्नल."

"सिग्नललाही फीत?"

"हो. तोवर तिथे पोलीस हात हलवतोय."

चौकात रोज गाड्यांचा एवढा गोंधळ का होतो, ते मला तेव्हा कळलं. स्वच्छतागृहाला कुलूप का आहे, तेही कळलं. तिथे लोक काय करत असतील, हे मी विचारलं नाही.

बाई भल्या होत्या. मी आत्यांचं सांगितल्यावर म्हणाल्या, बघते. तासाभराने त्यांचा फोन आला. साहेब शनिवारी सकाळी मोकळे होते, पण बाकाचा रंग वाळायला रविवार उजाडणार होता, आणि साहेब त्यावर बसणार होते. म्हणजे माझे सासरे बहिणीला भेटू शकत नव्हते, कारण बागेतला बाक ओला होता. कारण कळलं की मला एरवी शांत वाटतं. या वेळी नाही वाटलं. मी दवाखान्यात तीन पेशंटना चुकीच्या तारखा दिल्या.

शनिवारी सकाळी दहाला लिफ्टचा मेकॅनिक आला. कार्यक्रमाआधी शेवटची चाचणी घ्यायची होती. तो चौथ्या मजल्यावर आमच्या दारासमोर लिफ्टमध्ये वाळूच्या पिशव्या रचत होता. मी बघत उभी राहिले.

"पिशव्या कशाला?"

"वजन लागतं. भार टाकून वर खाली करायची, असा नियम आहे."

"वजन वाळूचंच हवं का?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "वजन किती ते लिहिलंय. कसलं, ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला. मग त्याने आमच्या उघड्या दारातून खिडकीशी बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि तीन पिशव्या बाहेर काढल्या.

बाबांना शर्ट घालायला मी मदत करत होते, पण त्यांनी माझा हात बाजूला केला. बटणं स्वतः लावली. मी आत्यांना फोन केला आणि फक्त "आमच्या लिफ्टपाशी या" एवढंच म्हटलं. बाबा, मेकॅनिक, मी आणि उरलेली वाळू खाली आलो. बाबा आरशात बघून केस नीट करत होते.

तळमजल्यावर दार सरकलं. समोर छातीच्या उंचीवर फीत, त्याखाली गुडघ्याच्या उंचीवर फुलांची माळ, आणि दोन्हींच्या पलीकडे भावी हात पसरून उभा.

"बाहेर नाही यायचं," तो म्हणाला. "आजोबा, माझं ऐका. या खेपेला मला खरंच काहीतरी मिळणार आहे."

"फोन करून विचारा ना तुमच्या वरच्यांना," मी म्हणाले.

त्याने दोन्ही फोनवरून विचारायचा प्रयत्न केला. कुणी उचलला नाही. बाबांना फितीखालून वाकून जाता येत नव्हतं आणि फीत तोडायला ते तयार नव्हते. आयुष्यभर रांगेत उभा राहिलेला माणूस. ते म्हणाले, "राहू दे. त्याचं नुकसान नको."

तेवढ्यात आत्या काठी टेकत आल्या. भावी बाजूला झाला. भाऊ आत, बहीण बाहेर, मध्ये फीत. पाच महिन्यांनी दोघं एका हाताच्या अंतरावर उभे होते.

"खिडकीतून बारीक दिसतोस," आत्या म्हणाल्या. "जवळून बराच आहेस की."

"तू म्हातारी झालीस ताई."

"गप्प बस, धाकट्या."

दार बंद व्हायला लागलं. आत्यांनी भावीकडे पाहिलं. "बाळ, ते बटण जरा दाबून धरशील?" भावीने बटण दाबून धरलं. पुढची वीस मिनिटं तो तसाच भिंतीला चिकटून उभा होता, आणि दोन्ही फोन खिशात आळीपाळीने वाजत होते. त्याने एकही काढला नाही.

दोघं काही विशेष बोलले नाहीत. गोळ्यांच्या वेळा, मुलीकडे खोली कशी आहे, खिडकी आहे का. खिडकी आहे पण समोर भिंत आहे, असं आत्या म्हणाल्या. मग त्यांनी काठी माझ्याकडे दिली, फितीवरून दोन्ही हात आत घातले आणि बाबांच्या शर्टाची चुकलेली बटणं पहिल्यापासून सोडून नीट लावली. बाबा मान वर करून उभे होते. मला बघवेना, मी मेकॅनिकच्या हत्यारांकडे बघत राहिले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

रविवारी साहेब पन्नास मिनिटं उशिरा आले. मी खिडकीतून पाहिलं, बाकावर बसून मग आमच्याकडे वळले. गाठ जुळली असावी, कारण खाली टाळ्या झाल्या. थोड्या वेळाने दार वाजलं. भावी धापा टाकत उभा होता. लिफ्टची पहिली फेरी राखून ठेवलेली असल्यामुळे चारही मजले जिन्याने चढून आला होता.

"आजोबा, चला लवकर. लिफ्टमधून पहिले ज्येष्ठ नागरिक म्हणून तुमचा मान आहे. साहेब फोटोसाठी थांबलेत."

बाबा खिडकीशी होते. समोरच्या घराच्या दाराला कुलूप होतं.

"नको," बाबा म्हणाले.

"अहो, आता कुठेही जा. फीत कापली."

"कुठे जाऊ?"

भावी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि त्यानेही खाली पाहिलं. खिशातला फोन वाजला. त्याने तो काढला, कानाला लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेबांना सांगा, आजोबा झोपलेत."