तानुअक्कांची कोठी खाली येताना

कोठी बोलली. धान्याची, लोखंडी पत्र्याची कोठी, हवेत लटकलेली, आणि बोलली. तुम्ही म्हणाल, नवलनाना वयानं चळले. चळलो असेन. पण त्या दिवशी धुळ्याच्या देवपुरातली आमची अख्खी गल्ली माझ्याबरोबर चळली होती, हे लक्षात असू द्या.

आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. मी तळमजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर पुष्पाबाई. तिसऱ्यावर प्रेमराज, त्याची बायको कोकिळा आणि त्याची आई तानुअक्का. अक्का साक्रीकडच्या खेड्यातल्या. नवरा गेल्यावर शेती दीर भाईदासच्या हाती देऊन धुळ्याला मुलाकडे आल्या आणि येताना कोठी घेऊन आल्या. तेव्हा बिल्डिंगचं काम चालू होतं, बाल्कनीला ग्रील बसायचं होतं, म्हणून क्रेननं वर चढली. कोठी किती उंच म्हणाल, तर झाकण काढायला अक्का स्टुलावर चढायच्या आणि तिथून त्यांना धुळ्यात बसून साक्रीकडचे डोंगर दिसायचे. ढग नसतील तर माणसंही ओळखू यायची.

आधी दर साली कोठीत दादर भरायची. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, मोत्यासारखी. मग प्रेमराजच्या घरात पिठाच्या पिशव्या यायला लागल्या आणि कोठी रिकामी पडली. रिकामी कोठी खिडकी अडवून बसली. प्रेमराजचं काम घरून चालायचं, त्याला तिथे टेबल टाकायचं होतं, एसी लावायचा होता. सासू-सुनेची तर कोठीवरून रोज वाजायची. कोकिळा झाडू घेऊन तिच्यामागची धूळ काढू पाहायची आणि अक्का गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "तिले कोठी नको व्हयनी, उद्या मी नको व्हसू!"

ते आम्ही हसण्यावारी नेलं. अक्का मात्र हसत नव्हत्या. कोठी गेली की पुढचा नंबर आपला, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. माझ्या ओट्यावर बसून हेच एक सांगायच्या, आणि मी आपला म्हणायचो, "अक्का, तुम्हाला हलवायला कोणाच्या बापाची ताकद आहे?"

शेवटी ठरलं. कोठी गावी भाईदासकडे जाणार. दारातून ती निघणं शक्यच नव्हतं. मग हनीफ फॅब्रिकेटरला बोलावलं. त्यानं गच्चीवर गर्डर टाकला, त्याला चेन-कप्पी बांधली आणि बाल्कनीचं ग्रील कापायला ग्राइंडर सुरू केला. खाली टेम्पो येऊन उभा राहिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिनं घातला. कोठी घराबाहेर काढायची तर घाण काढायची नाही आणि रिकामी काढायची नाही. घरच्या बाईनं स्वतः आत उतरून ती पुसायची, तळाला मूठभर दाणे टाकायचे. आणि दाणे पडले की वरून कोणी डोकावायचं नाही. डोकावलं तर बरकत जाते. अक्कांनी सकाळपासून हे प्रत्येकाला बजावलं होतं. हनीफला तर दोनदा.

"माझी काय हिंमत अक्का," हनीफ म्हणाला, "बरकतीचा मामला. मी डोळे मिटून झाकण लावतो."

मग अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि जाहीर केलं, "दाना टाकसू, अन मंग मी जास एकवीरामायना देऊळमा. मना डोयासमोर कोठी जावाले नको."

एवढं बोलून त्या खोलीत गेल्या. तिथून बाहेर आलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. ग्राइंडर असा ओरडत होता की नरडाण्याच्या स्टेशनावर उभ्या माणसानं गाडी आली म्हणून पिशवी उचलली असती. कोकिळानं खोलीत डोकावलं, अक्का नाहीत, म्हणजे देवळात गेल्या. मध्ये आलेलं स्टूल तिनं उचलून स्वयंपाकघरात नेलं. हनीफनं दिल्या शब्दाप्रमाणे तोंड दुसरीकडे करून झाकण ठेवलं आणि दोर आवळला.

मी खाली मार्गदर्शन करायला उभा होतो. म्हणजे हात मागे बांधून मान वर करून. कोठी बाल्कनीबाहेर आली तशी कप्पी करकरली.

"प्रेमराजभाऊ," हनीफ वरून म्हणाला, "रिकामी म्हणालात, आणि भारी लागतेय की!"

"जुनं लोखंड आहे ते," प्रेमराज म्हणाला. "तुमच्यासारखं पातळ पत्र्याचं काम नाही."

"माझ्या अब्बांनीच केलीय ती. मला वजन कळतं."

"मग हळू सोडा."

साखळी हळूहळू सुटत होती. कोठी गोल फिरत, डुलत खाली येत होती. दुसऱ्या मजल्यावर पुष्पाबाई बाल्कनीत शेगडी मांडून भरताची वांगी भाजत होत्या. कोठी बरोबर त्यांच्यासमोर आली. दाणे काढायचं खालचं छोटं तोंड असतं ना कोठीला, त्याची पट्टी कधीच गंजून गळाली होती. त्या भोकातून एक हात बाहेर आला.

गोंदलेला, सुरकुतलेला हात. कोपरापर्यंत. वांग्याकडे नाही, आभाळाकडे नाही, सरळ पुष्पाबाईंकडे. आणि मूठ उघडली. दादरचे दाणे खाली पडले, माझ्या टोपीवर टपटपले.

पुष्पाबाईंनी किंकाळी मारली म्हणतात. मला ऐकू आली नाही, कारण मीही मारत होतो. टेम्पोवाला टेम्पोखाली गेला. रावेरहून केळी घेऊन आलेला ट्रक कोपऱ्यावर होता, त्याच्या ड्रायव्हरनं वर पाहिलं आणि ट्रक रिव्हर्समध्ये थेट शिरपूर रस्त्याला लागला. शेगडीवरचं वांगं फुटलं ते कोणी काढलं नाही. कुत्री भुंकायची थांबली. आमच्या गल्लीतली कुत्री, जी निवडणुकीतही थांबली नव्हती.

आणि मग कोठी बोलली. आवाज असा, की विहिरीच्या तळातून कोणी दवंडी देतंय.

"प्रेमराऽज!"

वर प्रेमराजच्या हातातला, कोठीचा तोल सांभाळायचा दोर सुटला. हनीफनं साखळी गच्च धरली म्हणून बरं. कोठी तिथेच लटकली.

"आई?" प्रेमराज बाल्कनीतून वाकला. तोंड चुन्यासारखं पांढरं. "आई, तू... तू आत आहेस?"

"मंग काय, भूत शे? जित्ती शे मी अजून!"

"अक्का, हात आत घ्या!" हनीफ ओरडला. "हलू नका! अल्ला, मी माणूस बांधला! मी डोकावलो नाही हो!"

"तू काय घाबरस? तू नेम पाळना. मी आत पुसत बसनू, वरतीन तू झाकन लायं, अन तुना त्या मशिनमुये मना आवाज कोनले ऐकू गया नही."

"मग मशीन बंद झाल्यावर का नाही ओरडलात?" कोकिळा रडकुंडीला येऊन बोलली.

 फिरत फिरत कोठीचं तोंड रस्त्याकडे आलं. जमलेली सगळी गल्ली त्या काळ्या भोकाकडे बघत होती.

"मशिन बंद व्हयनं तव्हय मनं नाव निंघनं," अक्का म्हणाल्या. "म्हनीसन गप बसनू. मी बठ्ठं ऐकी लिधं. प्रेमराज, तू फोनवर भाईदासले काय म्हनना?"

प्रेमराजनं खिशातला फोन चाचपला.

"सांग ना. आते गल्लीबी ऐकी ली."

"आई, आधी खाली ये, मग..."

"खाले म्हंजे कोठे? टेम्पोमा? कोठीना मांगे दिवाळीनंतर आईलेबी धाडी देस, तिकडेच तिले बरं वाटी, आसं म्हनना का नही?"

मी तुम्हाला सांगतो, हात बाहेर आला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का आता बसला. प्रेमराज म्हणजे आमच्या बिल्डिंगचा सभ्य मुलगा. आईला हात धरून दवाखान्यात नेणारा. त्याच्याकडे सगळ्यांनी पाहिलं आणि त्यानं खाली पाहिलं. नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तरी मी विश्वास ठेवला असता, पण म्हणाला नाही.

"मला वाटलं, तुला तिथे..." एवढंच पुटपुटला.

"तुले वाटनं. माले इचारं का?" कोठी आता संथ फिरत होती. "अन ती कोकिळा. ती परकी पोर. तिले मी गल्लीभर बोल लायात. ती काय म्हननी ते बी ऐकं मी. म्हननी, 'आईंना विचारा तरी आधी. त्या काय कोठी आहेत का?' आसं म्हननी ती!"

कोकिळानं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, खालून कळलं नाही. पुष्पाबाई एवढ्यात भानावर आल्या होत्या. त्यांनी कोकिळाकडे वर पाहिलं, जणू तिला आजच पाहत होत्या. आम्हीही तसंच पाहिलं. एवढी वर्षं आम्ही हिला त्या घरातली खलनायिका समजत होतो. तसं कोणी पटवलं म्हणाल, तर आता कोठीतून बोलत होती तिनंच.

हनीफच्या कपाळावरून घाम गळत होता. "भाऊ, फैसला लवकर करा. कप्पी किती वेळ धरेल सांगता येत नाही. वर घेऊ की खाली सोडू?"

प्रश्न साधा होता.  वर म्हणजे घर. खाली म्हणजे टेम्पो. प्रेमराजनं तोंड उघडलं, त्याआधी कोकिळा ओरडली, "वर घ्या! आईंना वर घ्या!"

"हो," प्रेमराज म्हणाला.  "वर घ्या. हनीफभाई, वर."

"नही!" कोठीतून आलं. "खाले सोड."

"आई!"

"खाले सोड, हनीफभाऊ. वर मी मना पायवर जासू. माले कोनी टांगीसन घरमा लेवाले नको."

साखळी सुटली. कोठी जमिनीला लागली तेव्हा ठण्ण असा आवाज झाला, इतका की जळगावात म्हणे घंटा वाजली समजून पोरांनी शाळा सोडली. आम्ही आडवी केली, झाकण काढलं. अक्का रांगत बाहेर आल्या. लुगड्याला धूळ, केसात जाळी, नजर सरळ. माझ्या टोपीवरचे दाणे त्यांनी वेचले, परत कोठीच्या तळाला टाकले आणि अजून टेम्पोखालीच असलेल्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "निंघ बाहेर. कोठी भाईदासले दे. सांग, तानु येनार नही."

मग जिना चढू लागल्या. मी हात द्यायला गेलो, त्यांनी झटकला. गल्ली मागोमाग. पुष्पाबाई जळक्या वांग्याचा वास घेऊन मागोमाग. हनीफ तर पायरी पायरीवर "माफ करा अक्का" म्हणत होता.

खोलीत कोठीच्या जागी फरशीवर गोल डाग उरला होता आणि खिडकी पहिल्यांदाच पुरती उघडी दिसत होती. वारा येत होता. अक्का त्या डागाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आठे मना पलंग टाक," त्या प्रेमराजला म्हणाल्या. "खिडकीजोडे."

"पण आई, टेबल..." त्याच्या तोंडून सवयीनं गेलं.

कोकिळानं त्याच्याकडे पाहिलं. पुढचं त्यानं गिळलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यानं आईचा लोखंडी पलंग एकट्यानं ओढायला सुरुवात केली. मी पुढे झालो, हनीफ पुढे झाला. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्याले ओढू द्या."

पलंग दाराला अडला, भिंतीला घासला, फरशीवर किंचाळला. प्रेमराजचा शर्ट पाठीला चिकटला. अक्का खिडकीत बसून सांगत होत्या, इकडे, नही, तिकडे, जरा मांगे. कोकिळानं चहा आणला. अक्कांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि पहिली बशी सुनेपुढे धरली.

"पी," म्हणाल्या. "तो ओढस तवलोक आपुन बसू."