पळत नाही, ओढते

"अण्णा, ह्या गाडीचं पळणं कमी कर. काय करायचं ते कर, पण कर."

वासंती गॅरेजच्या पायरीवर उभी राहून भावाशी बोलत होती. आत पाऊल टाकायची तिची तयारी नव्हती. मोटरसायकल म्हटलं की ती दोन हात लांब राहायची, मग ती गाडी चालू असो की खोलून ठेवलेली असो. तिचा नवरा नंदकिशोर बेंगळुरातल्या तुमकूर रोडवर भर दुपारी गाडीवरून पडून गेला, तेव्हा तिचा अजिंक्य शाळेत होता. पोलिसांनी तिला एवढंच सांगितलं, की गाडी फार वेगात होती. ते वाक्य तिनं पदराला गाठ मारून ठेवलं. त्या दिवसापासून वेग हा तिचा वैरी झाला. ब्लाउज शिवायचं मशीनसुद्धा ती पायानंच चालवायची. भाऊ किती वेळा म्हणाला, मोटर बसवून देतो. तिचं उत्तर ठरलेलं, "नको रे बाबा, ते एकदा सुटलं की आवरत नाही."

आता पोरगा हेब्बाळच्या एका कंपनीत लागला होता, आणि त्यानं आईला न विचारता दोनशे सीसीची जुनी गाडी घेतली होती.

"सरी," जयसिंगराव हात पुसत म्हणाले. "आयुधपूजेच्या आत करून देतो. तू काळजी नको करू."

जयसिंगरावांना आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. तोंडात कायम कन्नडातलं 'सरी', म्हणजे 'बरं'. मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत केस काळे होते तेव्हापासून त्यांचं गॅरेज. कुणी म्हणावं सायलेन्सरचा आवाज कमी करा, सरी. कुणी म्हणावं वाढवा, सरी. दोघे शेजारी शेजारी राहणारे असले तरी सरी. माणूस भला, गल्लीत कुणाच्या दारात त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकू यायचा नाही. पण मी म्हणतो, वाईट माणसानं नुकसान केलं तर निदान शिव्या देऊन मोकळं होता येतं. भल्या माणसानं केलेल्या नुकसानाचं काय करायचं? ते घरातच बसून राहतं.

दोन दिवसांनी अजिंक्य आला. गाडी स्टँडला लावली आणि हेल्मेट काढायच्या आधीच सुरू झाला.

"मामा, ही सिग्नलला मरते हो! हिरवा पडला की हेब्बाळच्या फ्लायओव्हरखाली मागचे सगळे हॉर्न मारून जीव खातात. पिकअप पाहिजे. टॉप स्पीड गेला तरी चालेल. ह्या बेंगळुरात साठच्या वर जातंय कोण?"

जयसिंगरावांचा चेहरा उजळला. बहिणीचं मागणं आणि भाच्याचं मागणं एकाच पान्यात बसत होतं! इंजिनाकडे एक लहान दातेरी चक्र असतं, मागच्या चाकाला एक मोठं, आणि दोघांमधून चेन फिरते. गॅरेजात त्याला स्प्रॉकेट म्हणतात. पुढचं आणखी लहान केलं, मागचं आणखी मोठं केलं, की गाडी लांबच्या पल्ल्याला लवकर दमते. कितीही पिळा, पुढे जातच नाही. पण जागेवरून उठताना अशी उठते, की ज्याचं नाव ते. पळण्यातलं काढून ओढण्यात घालायचं. देवानं दोन्ही एकदम कुणालाच दिलेलं नाही.

"सरी," ते म्हणाले. "होऊन जाईल."

काम झालं तेव्हा त्यांनी स्वतः गाडी गल्लीत काढली. क्लच नेहमीसारखाच सोडला आणि पुढचं चाक हातात हलकं लागलं. गाडीनं त्यांना मागे ढकलून दिलं होतं. चार घरं पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली. वासंतीला हेसुद्धा सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, कशाला? बऱ्याच दिवसांनी बाई निवांत झोपेल. ती काय गाडीवर बसणार आहे?

संध्याकाळी बहिणीला फोन केला. "झालं गं काम. आता ती पळायची नाही. ऐंशीच्या पुढे गेली तर माझं नाव बदल."

"देव भलं करो तुझं," वासंती म्हणाली.

अजिंक्यला त्यांनी बजावलं, "क्लच हळू सोडायचा हं. अगदी स्वल्प स्वल्प. सवय होईपर्यंत एकट्यानं फिरव."

"आईला काय सांगितलंत?"

"स्पीड कमी केला म्हणून."

अजिंक्य हसला. "म्हणजे खोटं नाही."

"खोटं कुठाय त्यात?" जयसिंगरावही हसले. मामा-भाचे त्या विनोदावर पोटभर हसले, आणि त्या हसण्यात उरलेलं अर्धं खरं बुडून गेलं.

मग खंडेनवमी आली, इथल्या भाषेत आयुधपूजा. सकाळपासून गल्लीतल्या गाड्या गॅरेजसमोर धुऊन-पुसून ओळीनं उभ्या होत्या. हँडलला झेंडूच्या माळा, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं, प्रत्येक चाकाखाली लिंबू. पाने आणि हातोडेसुद्धा पाटावर मांडलेले. कोपऱ्यावरची फुलवाली गंगव्वा मोठा थोरला कोहळा घेऊन आली. त्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरलं, डोक्यावर कापूर पेटवला, आणि जयसिंगरावांनी तो सगळ्या गाड्यांवरून ओवाळला.

"कडेला फोडा अण्णा," गंगव्वा कन्नडात म्हणाली. "मागल्या वर्षी त्या दूधवाल्याची गाडी घसरली होती."

"सरी, सरी," जयसिंगराव म्हणाले.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मधोमध फोडा अण्णा, व्हिडिओत दिसू दे!" त्यांनाही सरी म्हणून झालं. कोहळा रस्त्याच्या मधोमध फुटला. लालभडक गर आणि बिया डांबरावर पसरल्या. टाळ्या पडल्या. आता ते उचलायचं कुणी? सगळ्या गाड्यांची दृष्ट त्यात उतरलेली. त्याला हात लावायचा नाही, झाडू लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी सफाईवाले येईपर्यंत ते तिथंच राहायचं. कोहळ्यानं आपल्यावरची पीडा घ्यायची आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवायची, अशी ही रीत. ती पीडा मग कुणाच्या पायाखाली येते, हे कुणी बघत नाही.

वासंती पूजेचं ताट घेऊन आली. हिरवी इरकल नेसली होती, केसांत अबोली. त्या दिवशी पहिल्यांदा ती पायरी ओलांडून आत गेली, पाटावरच्या अवजारांना फूल वाहून बाहेर आली. अजिंक्यच्या गाडीला तिनं कुंकू लावलं, टाकीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "चल अजू. मी बसते मागे. देवळापर्यंत."

अजिंक्यला आधी कळेचना. "तू? गाडीवर?"

"अण्णानं सांगितलंय, ही पळत नाही. मग भ्यायचं कशाला? किती वर्षं भ्यायचं माणसानं?"

गल्ली खूश झाली. गंगव्वानं आणखी एक गजरा फुकट दिला. पोराचे डोळे पाणावले होते. बाप गेल्यापासून आई कधी कुणाच्या मागे बसली नव्हती, साध्या सायकलवरसुद्धा नाही. त्यानं आनंदानं मामाकडे पाहिलं.

जयसिंगरावांच्या ओठांवर सगळं आलं होतं. वासू, बसू नको. ही पळत नाही, पण ओढते. आज रस्त्यावर ओलं आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती माणसं उभी होती, बहीण नव्या नवरीसारखी हसत होती, आणि अशा वेळी नाही म्हणायची सवय त्यांच्या जिभेला कधी लागलीच नव्हती.

"घट्ट धर हं," ते म्हणाले.

"पळतच नाही तर धरायचं काय?" वासंती म्हणाली आणि पाय एका बाजूला सोडून बसली. मांडीवर पूजेचं ताट, दोन्ही हात ताटाला.

चाकाखालचं लिंबू एका झटक्यात चिरडलं पाहिजे, अडखळलं तर अपशकुन. म्हणून अजिंक्यनं थोडी जास्तच रेस दिली. पुढचं लिंबू फुटलं, मागचं फुटलं, कुणीतरी शिट्टी मारली. मग मागचं चाक कोहळ्याच्या गरावर आलं आणि जागच्या जागी गरगर फिरलं. इंजिन किंचाळलं. त्यापुढे कोरडा रस्ता होता. तो चाकाला लागला मात्र, आणि गाडी खालून निसटून पुढे गेली. वासंती होती तिथेच, हवेत, क्षणभर तशीच बसलेली. मग ती मागच्या मागे पाठीवर आदळली.

ताट रस्त्यावर गोल गोल फिरत किती तरी वेळ वाजत राहिलं. काही लोक अजून हसतच होते. त्यांना वाटलं, उठेल.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी विचारलं, "गाडीचा वेग किती होता?"

"वेग नव्हताच हो," अजिंक्य पुन्हा पुन्हा सांगत होता. "आम्ही गल्लीसुद्धा ओलांडली नव्हती. वेग नव्हताच."

मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, ते नशीब. कमरेखालची हालचाल आणि जाणीव मात्र परत येईल असं सांगता येत नाही. त्या दिवसापासून अजिंक्य वॉर्डच्या बाहेरच्या बाकड्यावर बसायचा. आत जायचा नाही. जयसिंगरावांनी त्याला सांगून पाहिलं, "तुझी चूक नाही रे. गाडी मी तशी केली." पोरानं मान वर न करता म्हटलं, "हँडल माझ्या हातात होतं, मामा."

शेवटी एका दुपारी जयसिंगराव मनाशी ठरवून आत गेले. वासंती उताणी पडली होती. मान हलवायची मनाई होती. तिला छत तेवढं दिसायचं.

"वासू, मी तुला अर्धंच सांगितलं होतं," ते उभ्या उभ्या म्हणाले. "पळणं कमी केलं की ओढणं वाढतं. मला ठाऊक होतं. तू बसलीस तेव्हासुद्धा ठाऊक होतं. मी बोललो नाही."

पंखा फिरत होता.

"पण पळाली नाही ना ती?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग अजूला तेच सांग. बाप वेगानं गेला, पण आई वेगानं पडली नाही म्हणावं. एवढं तरी ओझं कमी होऊ दे त्याचं. त्याला आत पाठव. मी काही रागावले नाही." मग थोडा दम घेऊन ती म्हणाली, "आणि अण्णा, माझ्या मशीनला हाताचं चाक बसवून दे. दिवाळीचे ब्लाउज तसेच पडलेत लोकांचे. हळू चाललं तरी चालेल."

जयसिंगरावांनी सवयीनं तोंड उघडलं. आयुष्यभर फुकट वाटलेला तो शब्द काही केल्या बाहेर येईना. ते खाटेच्या पायथ्याशी गेले. थोरल्या भावानं धाकट्या बहिणीच्या पाया पडायचं नसतं, तशी आपल्यात रीत नाही. त्यांनी चादर बाजूला केली. तिच्या टाचेच्या भेगेत त्या दिवसाचं कुंकू अजून राहिलं होतं. ते खाली वाकले आणि दोन्ही पाय हातांत धरून त्यांनी कपाळ त्यांवर टेकलं. खांदे हलू लागले. पाय गार पडले होते आणि त्यांच्या आसवांनी ओले होत होते.

"अण्णा?" वासंती छताकडे बघत म्हणाली. "आहेस ना रे? की गेलास?"