पानाची पुढची बाजू

मित्रांनो, बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात पुस्तकांचं कपाट आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात, एक जाडजूड वही आडवी पडलेली दिसेल. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, पाठीचं लाल कापड विटलेलं आणि मधलं एक पान उपटलेलं. ती वही म्हणजे मी.

माझा जन्म बुधवार पेठेतला. एका दुकानाच्या माडीवर कागद दुमडून, दाभणानं भोकं पाडून, दोऱ्यानं शिवून मला बांधलं. खळ वाळेपर्यंत दोन दिवस मी दाबाखाली होते. माझ्या बरोबरीच्या बहिणी शाळांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या. मला मात्र एका बाईनं उचललं. तिनं मधलं पान उघडलं, त्यावर तळहात फिरवला आणि चक्क नाक लावून वास घेतला. दुकानदार म्हणाले, "बाई, वही आहे ती. अत्तर नाही." तिनं पैसे मोजले आणि मला पिशवीत टाकलं.

तिचं नाव ललिता रामटेके. नुकतीच टपाल कचेरीत लागली होती. माहेर विदर्भातलं. तिचे वडील दरवर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून पुस्तकं आणत, आणि हात धुतल्याशिवाय घरातलं कुणी त्यांना शिवत नसे. आईला अक्षर येत नव्हतं, पण ओव्या इतक्या येत होत्या की जातं थकायचं, आई थकायची नाही. वडिलांचं वाचणं आणि आईचं गाणं, दोन्ही ललिताच्या ओंजळीत पडलं. आणि तिनं ती ओंजळ माझ्यात रिती केली.

आमचा नेम साधा होता. मनात घर करून राहिलेल्या प्रत्येक पुस्तकाला माझं एक पान. पानाच्या पुढच्या बाजूला त्यातलं आवडलेलं लिहायचं, मागच्या बाजूला कुरकुर. पुढची बाजू भरल्याशिवाय मागची लिहायची नाही. "आधी घास गोड मानावा, मग खडा काढावा," असं ती म्हणायची. आणि दोन्हीकडे शेवटी एकेक ओवी.

तिच्या आवडीनिवडी मला पाठ आहेत. जेवणाचं वर्णन नीट केलेलं पुस्तक तिला आवडे. भांडखोर म्हाताऱ्या आवडत, पायी केलेले प्रवास आवडत, आणि ज्यात कुणीतरी मन लावून काम करतं, मग ते चप्पल शिवण्याचं का असेना, अशी पुस्तकं फार आवडत. नावडीचं म्हणाल तर त्याला अंत नव्हता. 'शब्दांत सांगता येणार नाही' असं लिहिणाऱ्या लेखकाला तिनं माझ्यात विचारलंय, मग एवढा कागद कशाला घेतला? खोकणारं माणूस पुस्तकात आलं की ते मरणार, हे तिला तिसऱ्या पानावर कळे आणि राग येई. पानाचे कान दुमडणारे, बोटाला थुंकी लावून पान उलटणारे, शेवट आधीच सांगून टाकणारे, या तिघांना तिच्या घरी चहा मिळे, पुस्तक मिळत नसे. आणि लांबलचक प्रस्तावना! एका मागच्या बाजूवर ही ओवी आहे:

दार मोठं पुस्तकाचं, आत एकच गं खोली
प्रस्तावना चढताना, सांजवेळ की गं झाली

हसू आलं ना? मलाही यायचं. पण ते आमच्या दोघींतलं हसू होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की कपाट सगळ्यांचं, वही ललिताची. तिचे यजमान रामदासराव मला दिवाळीच्या साफसफाईत खाली काढत, फडक्यानं पुसत आणि न उघडता जागेवर ठेवत. तीस वर्षांत त्यांनी एकदाही माझा पुठ्ठा वर केला नाही. असा विश्वास मिळालेली वही किती भाग्याची, हे तेव्हा मला कळलं नाही.

आता शर्मिलाबाईंचं सांगते. त्या टपाल कचेरीत ललिताच्या शेजारच्या खिडकीवर बसायच्या. जीभ अशी की रांगेतला माणूस फॉर्म चुकवायलाही घाबरे. दोघींनी तीस वर्षं डबा वाटून खाल्ला. निवृत्त झाल्यावर शर्मिलाबाईंनी गुपचूप एक पुस्तक लिहिलं, टपालातल्या दिवसांचं. मुलाला, सुनेला, कुणालाही सांगितलं नाही. फक्त ललिताच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला आणि म्हणाल्या, "हसायचं असेल तर एकटी हस. पण खरं सांग."

ललितानं तो गठ्ठा चार दिवस वाचला. मग माझं एक पान उघडून वर 'श.चं हस्तलिखित' असं लिहिलं. आधी पुढची बाजू भरली, काठोकाठ. मग पान उलटून कुरकुर लिहिली. फार लिहिली, कारण माणूस जवळचं होतं. शर्मिला खिडकीवर जशी होती तशी कागदावर उतरलीच नाही, हे तिला खुपत होतं. रोज लेकाच्या पत्राची चौकशी करायला येणाऱ्या एका आजोबांना शर्मिलानं खडसावलं होतं, आधी तुम्ही लिहा त्याला, आणि स्वतः आंतर्देशीय पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं. पुस्तकात मात्र तिथं नुसतेच तिचे डोळे पाणावले होते. ललितानं लिहिलं, 'पुस्तकात जायचं म्हणून हिनं पदर सावरला आणि तोंड मिटलं.' खाली ओवी:

बोलताना जी मिरची, लिहिताना झाली साय
दीडशे पानं चाळली, भेटलीच नाही बाय

दुसऱ्या दिवशी शर्मिलाबाई आल्या. मी टेबलावरच होते. मला वाटलं, आता ललिता मला उघडेल, दोन्ही बाजू वाचून दाखवेल. पण मैत्रिणीचा आतुर चेहरा पाहून तिचं धैर्य गळालं. ती म्हणाली, "छान झालंय गं. असंच छापायला दे." आणि माझ्यावर वर्तमानपत्र सरकवलं. मित्रांनो, खोटेपणाचं वजन एका वर्तमानपत्राएवढंच असतं. पण मला ते जाणवलं.

यंदा ललिताची एकसष्टी आली. तिची मुलगी दीक्षा हिंजवडीला कंपनीत नोकरी करते, आईवर जीव टाकणारी पोर. आपल्याकडे एकसष्टीला स्मरणिका काढतात ना, थोरामोठ्यांचे लेख असलेली? दीक्षाला वाटलं, आईबद्दल दुसऱ्यांनी कशाला लिहायचं? आईच्याच वहीतली पानं छापू. ललिता बहिणीकडे गेली होती त्या दुपारी दीक्षानं खुर्चीवर चढून मला काढलं. वडिलांना म्हणाली, "सरप्राइज आहे बाबा. आईला सांगू नका." रामदासराव म्हणाले, "विचारून घे गं एकदा." ती म्हणाली, "विचारलं तर सरप्राइज कसलं?"

आयुष्यात पहिल्यांदा परक्या हातांनी मला उघडलं. झेरॉक्सच्या दुकानात मला काचेवर पालथं घातलं, वरून झाकण दाबलं, खालून हिरवा उजेड अंगातून आरपार गेला. पाठीची खळ कडकन तडकली. पण दुखलं ते वेगळंच होतं. दीक्षाला कुरकुरच गमतीची वाटली. तिनं तीस पानं निवडली आणि सगळ्यांची मागचीच बाजू घेतली. कुण्या लेखकाला वाईट वाटू नये म्हणून वरची नावं तेवढी कापून टाकली. नाव कापलं की डंख निघतो, असं तिला वाटलं. 'श.' म्हणजे कुणीतरी व्याख्यानं देणारी लेखिका असेल, हा तिचा समज; शर्मिलाबाई लिहितात हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मिरची आणि साय तर तिला इतकी आवडली की ते पान तिनं स्मरणिकेत पहिलंच घेतलं.

सोसायटीच्या सभागृहात समारंभ झाला. मला फुलांच्या तबकाशेजारी लाल कापडावर ठेवलं होतं. पन्नासेक माणसं, प्रत्येकाच्या हातात स्मरणिका. ती पाहिल्यावर ललिताचा चेहरा कसनुसा झाला, पण पोरीचा आनंद मोडवेना म्हणून ती हसत राहिली. मग दीक्षानं जाहीर केलं की आईच्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीनं पहिलं पान वाचून दाखवायचं.

शर्मिलाबाई उठल्या. खिडकीवरून नंबर पुकारावा तशा खणखणीत आवाजात वाचू लागल्या. लोक हसत होते. आजोबांपाशी आल्यावर त्यांचा आवाज सावकाश झाला. आंतर्देशीय पत्र हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. पदर सावरल्याच्या वाक्याला हशा पिकला, आणि त्यांनी ओवीपाशी स्मरणिका मिटली.

"पुढचं वाचत नाही," त्या म्हणाल्या. "शेवट आधी सांगितलेला ललिताला आवडत नाही."

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. ललिता धावत मंचावरून खाली आली आणि मैत्रिणीचा हात धरून हलक्या आवाजात बोलली. मी जवळ होते, मला ऐकू आलं. "अगं, वहीत माणूस काहीही खरडतो. ते काय मनातलं असतं का?"

मित्रांनो, काचेवर पालथी घातली तेव्हाही मला असं झालं नव्हतं. तीस वर्षं या बाईनं माझ्यात मनातल्यावाचून दुसरं काही लिहिलं नव्हतं. पोरीनं मला न विचारता उघडलं, ते अजाणतेपणी. पण जिच्यासाठी मी जन्मले, तिनं स्वतःचं खरं माझ्यावर ढकलून दिलं, ते जाणून.

शर्मिलाबाईंनी हात सोडवून घेतला. "वहीला मध्ये आणू नकोस. तीस वर्षं बघतेय तुला. खोटं तू बोलतेस, लिहीत नाहीस." मग म्हणाल्या, "मी लिहितेय हे माझ्या मुलाला माहीत नव्हतं गं. आता पन्नास जणांच्या घरी जाईल ते, आणि त्या आजोबांवरून मी कुणालाही ओळखू येईन."

घरी आल्यावर दीक्षाला सगळं उमगलं आणि ती रडू लागली. सगळ्या प्रती गोळा करून आणते म्हणाली. ललिता रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वाचायला शिकवलं तुला. विचारायला शिकवायचं राहिलं." मग तिनं मला मांडीवर घेतलं. वाटलं, आता काही लिहील. तिनं ते पान शोधलं, मुळाशी धरलं आणि खेचलं. एका बाजूची लाज लपवायला अख्खं पान गेलं. शिवणीतलं त्याच्या जोडीचं पान तेव्हापासून सैल झालंय. फाडलेल्या पानाचे तुकडे सकाळी घंटागाडीत गेले.

तीन आठवड्यांनी बेल वाजली. शर्मिलाबाई. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "दीक्षानं मागची बाजू छापली. तुझा नेम मला माहीत आहे. आधी घास, मग खडा. पुढची बाजू दाखव मला. ती वाचून ठरवीन, गठ्ठा छापायला द्यायचा की माळ्यावर टाकायचा."

ललितानं मला काढलं आणि फाटलेली कड त्यांच्यासमोर धरली. मग एकदम बोलू लागली, की थांब, मी सांगते ना तुला, त्यात असं होतं की...

"नको," शर्मिलाबाई म्हणाल्या. "तोंडी नको. तुझं तोंडी छान मी एकदा ऐकलंय."

चहाही न घेता त्या जिना उतरल्या. गठ्ठा माळ्यावर गेला असेल.

त्या संध्याकाळी ललितानं पेन घेऊन पुढची बाजू पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. आता तिचं प्रत्येक वाक्य क्षमा मागत होतं. तेव्हा ते तसं नव्हतं, तेव्हा ते नुसतं आनंदलेलं होतं. तेव्हापासून मी मिटलेलीच आहे. तिनं नवीन पुस्तकं वाचली, त्यांना माझ्यात पानं मिळाली नाहीत.

मित्रांनो, कुणाची वही हाती आली तर उघडण्याआधी त्याला विचारा. आणि तुम्ही स्वतः वही लिहीत असाल, तर तिच्यात एक आणि माणसासमोर दुसरं, असं करू नका. कुणी खरं मागितलं तर दोन्ही बाजू द्या. नुसती गोड दिली तर ते खोटं होतं, आणि नुसती कडू दिली तर तेही खोटंच.

एक काम मात्र करा माझं. शर्मिलाबाई सहकारनगरला राहतात, पिवळ्या फाटकाच्या इमारतीत, तळमजल्यावर. फाटलेल्या पानाची पुढची बाजू मला तोंडपाठ आहे, पण वहीचं कोण ऐकतं? त्या बाजूला लिहिलं होतं की बाहेरगावी गेलेल्या लेकरांच्या आयांचं प्रकरण वाचताना भाजी करपली आणि कळलं नाही. लिहिलं होतं की शिक्के मारण्याचा आवाज पानातून ऐकू येतो. लिहिलं होतं की, 'हिच्याशेजारी तीस वर्षं बसले आणि हिला आज भेटले.' आणि खाली ही ओवी होती. कुणी त्या बाजूला गेलात तर त्यांना एवढी ऐकवाल?

पत्र टाकलं सखीनं, माझ्या उंबऱ्याच्या आत
वाचताना जाणवला, पाठीवर तिचा हात